सोलापुरात जुनी पोर्शे आणताय? टोकन देण्याआधी गाडी अशी तपासा

12-15 वर्षं जुनी पोर्शे बॉक्स्टर किंवा केमन आज पुण्या-मुंबईत, हैदराबादेत नव्या फॉर्च्युनरच्या पैशांत मिळते, कधी त्याहून कमीतही. सांगोल्याचा डाळिंब बागायतदार असो, अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखानदार असो की होटगी रोडवरचा डॉक्टर, व्हॉट्सॲपवर फोटो आला की मन हलतंच. हलू द्या. दोन माणसांची, सीटच्या पाठीमागे इंजिन असलेली ही गाडी चालवण्यात जो आनंद आहे तो दुसऱ्या कुठल्या गाडीत शोधूनही सापडत नाही. फक्त फोटो बघून टोकन पाठवू नका. या गाड्यांचे आजार ठरलेले आहेत, कुठे बघायचं ते माहीत असलं की बहुतेक आजार व्यवहाराच्या आधीच सापडतात.

विकणारा पहिलं वाक्य किलोमीटरचंच बोलतो. "साहेब, शोरूम कंडिशन आहे, फक्त 14 हजार चाललीय." माझ्या मते या गाडीत किलोमीटर हा सगळ्यात कमी उपयोगाचा आकडा आहे. 60 हजार चाललेली आणि दरवर्षी ऑइल बदललेली गाडी मी आधी घेईन. 14 हजार चालून चार पावसाळे बेसमेंटमध्ये कव्हरखाली उभी राहिलेली नंतर. आपल्याकडे ही गाडी पळून खराब होत नाही, उभी राहून होते. रबरी सील सुकतात, टायर एका जागी चपटे पडतात, ब्रेकची डिस्क गंजते, टाकीतलं पेट्रोल शिळं होतं, बॅटरी बसते आणि उंदीर वायरिंगमध्ये संसार थाटतात. म्हणून विकणाऱ्याला पहिला प्रश्न विचारा: गेल्या दोन वर्षांत गाडी सलग किती दिवस उभी होती? उत्तर टाळलं तर बाकीची तपासणी दुप्पट बारकाईने करायची.

घरबसल्या करायचं काम: कागद

पुण्याला जाण्याआधी आरसीचा फोटो मागवा आणि परिवहनच्या ॲपवर नंबर टाकून बघा. मालकाच्या नावाची काही अक्षरं, मालक कितवा, कर्जाचा बोजा आहे का, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत आहे, आणि नोंदणीची मुदत कधी संपते हे सगळं तिथे दिसतं. बोजा दिसत असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 हातात पडल्याशिवाय पुढे जायचं नाही.

नोंदणीच्या मुदतीकडे विशेष लक्ष द्या. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते, त्यानंतर दर 5 वर्षांनी पासिंग करून नूतनीकरण. आयात केलेल्या चारचाकीचं नूतनीकरण शुल्क एप्रिल 2022 पासून 40 हजार रुपये झालं आहे, साध्या कारला तेच 5 हजार. त्यावर पर्यावरण कर वेगळा. 2010 ची गाडी आज घेतली तर हा खर्च दारातच उभा असतो, आणि किंमत ठरवताना तो कुणी आपणहून बोलत नाही.

दुसऱ्या राज्यातला नंबर असेल तर महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. आयात गाडीला आपल्याकडे एकरकमी कर 20 टक्के आहे, गाडीच्या वयानुसार त्याचा हिशेब होतो. हा आकडा सोलापूरच्या आरटीओत जाऊन आधी काढून घ्या, मगच हैदराबादची "स्वस्त" गाडी खरंच स्वस्त आहे का ते कळेल. अशा गाडीला फॉर्म 28 म्हणजे तिथल्या आरटीओची एनओसी लागते, फॉर्म 29 आणि 30 हे तर कुठल्याही जुन्या गाडीला लागतातच.

चेसिस नंबर तीन ठिकाणी जुळवायचा: आरसीवर, पुढच्या काचेच्या कोपऱ्यात आणि दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर. पोर्शेचा नंबर डब्ल्यूपीझीरोने सुरू होतो आणि त्यातलं दहावं अक्षर मॉडेल वर्ष सांगतं. 9 म्हणजे 2009, ए म्हणजे 2010, बी म्हणजे 2011, पुढे तसंच. नोंदणी 2010 ची आणि दहावं अक्षर 8 असेल तर गाडी विकली जाण्याआधी बराच काळ पडून होती. हे वाईटच असं नाही, पण मग इंजिन कुठल्या पिढीचं आहे हा प्रश्न उभा राहतो, आणि या गाडीत तोच सगळ्यात महागडा प्रश्न आहे.

वर्षावरून इंजिन ओळखा

2005 ते 2012 या काळातल्या बॉक्स्टर-केमनला जाणकार 987 म्हणतात, 2012 ते 2016 च्या गाड्यांना 981. 987 मध्येही दोन भाग आहेत. 2008 पर्यंतच्या इंजिनात इंटरमीडिएट शाफ्ट नावाचा एक दांडा असतो, त्याच्या टोकाला एक बेअरिंग. 2005 पर्यंतच्या गाड्यांतलं हे बेअरिंग लहान होतं आणि ते तुटलं की टायमिंग बिघडून व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात. 2006 ते 2008 मध्ये ते मोठं केलं. तुटण्याचं प्रमाण खूपच कमी झालं, पण इंजिन पूर्ण उघडल्याशिवाय ते बदलता येत नाही. 2009 पासून नवीन इंजिन आलं आणि हा दांडाच काढून टाकला.

दुसरा आजार सिलिंडरला चरे पडण्याचा. 2008 पर्यंतच्या केमन एसचं, म्हणजे जास्त ताकदीच्या केमनचं, 3.4 लिटरचं इंजिन आणि त्याच काळातल्या पोर्शे 911 ची 3.6 आणि 3.8 लिटरची इंजिनं यात हा त्रास जास्त. पिस्टनवरचा थर झिजतो, सिलिंडरची भिंत खरवडली जाते, इंजिन ऑइल पिऊ लागतं आणि गरम झाल्यावर आयडलला टिकटिक असा आवाज येतो. 911 ला दोन बाजूंना दोन सायलेन्सर असल्याने एकाच बाजूचा पाइप काजळीने काळा दिसला तर संशय येतो. केमन-बॉक्स्टरचा धूर मधोमध निघतो, तिथे ही खूण चालत नाही. तिथे स्पार्क प्लग काढून बारीक कॅमेरा आत घालून बघणं हाच मार्ग आहे. पुण्या-मुंबईत हे काम करणारी गॅरेजेस आहेत. त्याचे पैसे द्यायला कुरकुर करू नका. इंजिन उघडण्याच्या खर्चापुढे ते काहीच नाहीत.

सोलापुरात पोर्शेचं अधिकृत सर्व्हिस सेंटर नाही, हे लक्षात घेऊन माझं स्पष्ट मत असं: पहिलीच अशी गाडी असेल तर 2009 च्या पुढचं इंजिन घ्या. थोडे पैसे जास्त जातील, पण झोप शांत लागेल. 2006 ते 2008 ची गाडी फक्त त्याने घ्यावी ज्याच्याकडे बिलांची पूर्ण फाइल आहे आणि सिलिंडरचे फोटो आहेत.

पहिली भेट पहाटे: थंड इंजिन

विकणाऱ्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा की मी येईपर्यंत गाडी सुरू करायची नाही. पोचल्यावर सायलेन्सरला हाताची मागची बाजू लावून बघा. कोमट लागला तर गाडी आधीच गरम केलेली आहे. कारण विचारा, आणि पटलं नाही तर दुसऱ्या दिवशी परत या.

सुरू करताना स्वतः मागे उभे राहा, किल्ली दुसऱ्याला फिरवू द्या. या इंजिनात सिलिंडर आडवे असतात, त्यामुळे काही दिवस उभ्या गाडीने सुरू होताना निळसर धुराचा एक भपकारा सोडला तर घाबरायचं कारण नाही. तो काही सेकंदांत गेला पाहिजे. पांढरा धूर दाटच राहिला, मागचं दृश्य झाकलं जाऊ लागलं, तर ऑइल आणि हवा वेगळी करणारा सेपरेटर गेलेला असतो. त्याची सोपी खूण आहे: इंजिन आयडलला असताना ऑइलचं झाकण उघडून बघा. आतून कुणी ओढून धरल्यासारखं ते घट्ट बसलं असेल तर सेपरेटर खराब.

सुरू झाल्यावरचा कडकड आवाज दोन-तीन सेकंदांत थांबायला हवा. आयडल एकसारखं हवं. गाडी थरथरत असेल आणि इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर बहुधा इग्निशन कॉइल उष्णतेने तडकलेली असते. ती तुलनेने स्वस्त दुरुस्ती आहे, त्यासाठी चांगली गाडी सोडू नका.

बॉक्स्टरमध्ये मागची डिकी उघडा, गालिचा उचला, नाक जवळ न्या. कूलंटची प्लॅस्टिकची टाकी तिथेच असते आणि वयाबरोबर तिला बारीक भेग जाते. ओलसर गालिचा आणि गोडसर वास आला की समजायचं.

पुढच्या बंपरमधली गोष्ट

सोलापूरच्या माणसाने सगळ्यात जास्त वेळ इथे घालवावा असं मी सांगेन, कारण हा भाग आपल्याच हवेत आणि आपल्याच रस्त्यांवर मार खातो.

इंजिन मागे असलं तरी रेडिएटर पुढे आहेत, बंपरच्या डाव्या आणि उजव्या तोंडात एकेक. काही गाड्यांत मधोमध तिसराही असतो. प्रत्येक बाजूच्या रेडिएटरच्या पुढ्यात एसीचा कंडेन्सर. बंपरची तोंडं जमिनीपासून वीतभर उंचीवर आणि उघडी, त्यामुळे रस्त्यावरचा कचरा सरळ आत. विलायतेत तिथे झाडांची पानं सापडतात. आपल्याकडे गाळप हंगामात मोहोळ-टेंभुर्णीच्या रस्त्याने उसाच्या ट्रॉल्यांमागून चार महिने गाडी चालवून बघा: पाचट, चोथा, धूळ आणि कडुलिंबाच्या काड्या कंडेन्सर आणि रेडिएटरच्या फटीत दाबून बसतात. पहिल्या पावसात तो कचरा भिजतो, ओला राहतो आणि ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याला खातो. एक दिवस एसीचा गॅस जातो, किंवा कूलंट गळू लागतं.

तपासायला उपकरण लागत नाही. गुडघ्यावर बसा, मोबाइलचा टॉर्च बंपरच्या तोंडात धरा, तिरका धरा म्हणजे मागचं दिसतं. कंडेन्सरच्या बारीक पात्या सरळ आणि चमकदार दिसल्या तर उत्तम. खालच्या कोपऱ्यात मऊ काळा थर दिसला तर एखाद्या काडीने हळूच टोकरा. ओला चिखल निघाला तर आतली बाजू गंजू लागली असं धरून चाला. गुलाबी-पांढरट सुकलेले डाग म्हणजे कूलंटची जुनी गळती. हिरवट तेलकट ओलावा म्हणजे बहुतेक वेळा एसीच्या गॅसबरोबर बाहेर आलेलं तेल. दोन्ही बाजू बघा. एक साफ म्हणून दुसरी साफ असेल असं नाही.

साफ करायचं तर बंपर काढावा लागतो. सांधे, क्लिपा, दिवे सांभाळून काढणारा माणूस असेल तर अर्ध्या दिवसाचं काम आहे. गाडी घेतल्यावर दरवर्षी हंगाम संपला की, म्हणजे मार्च-एप्रिलात, उन्हाळा तापण्याआधी हे करून घ्याच. प्रेशर वॉशर लावू देऊ नका, पात्या वाकतात. मऊ ब्रश, साधं पाणी आणि उलट्या बाजूने हवा.

याच ठिकाणी पंखेही बघायचे. इंजिन सुरू, एसी सुरू, एक मिनिट थांबा. दोन्ही बाजूंचे पंखे हळू वेगात फिरायला हवेत. या गाड्यांत हळू वेगाचा रेझिस्टर जळतो, मग पंखा गप्प राहतो आणि इंजिन फारच तापल्यावर एकदम मोठ्या वेगात सुरू होतो. पुण्याच्या हिवाळ्यात हा दोष कुणाला कळतही नाही. सोलापूरच्या मे महिन्यात, 43 अंशांत, सात रस्त्याच्या सिग्नलला तो लगेच कळतो.

दुसरी भेट दुपारी दोनला

म्हणूनच दुसरी चक्कर भर दुपारी मारायची. मुंबईची गाडी असेल तर तिथल्या ट्रॅफिकमध्ये, पुण्यात असेल तर हडपसरच्या बाजूला. एसी पूर्ण, काचा बंद, अर्धा तास. 987 मध्ये कूलंटचा काटा 80 च्या आसपास बसलेला असतो. गर्दीत थोडा वर जाऊन परत यायला हवा. 100 कडे चढून तिथेच राहिला तर वॉटर पंप, थर्मोस्टॅट, पंखा किंवा भरलेला रेडिएटर यांपैकी काहीतरी आहे. यातलं काय आहे ते कळल्याशिवाय भावाचं बोलणं करू नका.

खराब रस्ता मुद्दाम शोधा. 20-30 च्या वेगात, काच खाली करून, खड्ड्यांवरून न्या. पुढून ठक-ठक आवाज आला तर बहुतेक वेळा लिंक रॉड किंवा खालच्या आर्मचे बुश. पीडीके, म्हणजे पोर्शेचा दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल तर रांगेत पुढे सरकताना झटका बसतो का, उतारावर मागे येऊन परत पुढे घेताना अडखळतो का ते बघा. डॅशबोर्डवर गिअरबॉक्सचा इशारा येऊन गेला असेल तर गाडी बंद-चालू करून तो घालवता येतो, म्हणून त्याची खात्री स्कॅनरनेच होते. मॅन्युअल गाडीत क्लच किती वर धरतो ते बघा. क्लच बदलायला गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, तेव्हा इंजिनच्या मागच्या सीलमधून ऑइल झिरपत असेल तर तेही काम त्याच वेळी करून घेता येतं.

रॅम्पवर

ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी सरकारमान्य तपासणी सक्तीची असते, एमओटी म्हणतात तिला, आणि नुसता नंबर टाकून कुणालाही त्या गाडीचा जुना निकाल ऑनलाइन बघता येतो. तिथे या गाड्यांची नापास होण्याची कारणं परत परत तीच दिसतात: आतल्या कडेने झिजलेले टायर, तुटलेल्या स्प्रिंग, सैल झालेले आर्म, कमी धरणारा हँडब्रेक, गंजलेल्या ब्रेकच्या नळ्या. तिथला गंज हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठामुळे येतो, आपल्याकडे तो प्रश्न फारसा नाही. बाकीची यादी मात्र जशीच्या तशी आपल्याला लागू आहे, वर उन्हाने तडकणारं रबर आणि प्लॅस्टिक आपल्या वाट्याला जास्तीचं.

टायर बाहेरून बघून फसू नका. मागच्या चाकांना मुळातच आत झुकाव दिलेला असतो, त्यामुळे बाहेरची बाजू नवी दिसते आणि आतल्या कडेची तार निघालेली असते. रॅम्पवर चढवून आतला काठ बोटांनी चाचपा. नक्षीची खोली 1.6 मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर कायद्यानेच बाद. बाजूवर चार आकड्यांचा शिक्का शोधा: 2217 म्हणजे 2017 च्या बाविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी 80 टक्के शिल्लक असली तरी आठ-नऊ वर्षांचा टायर सोलापूरच्या डांबरावर मी 150 च्या वेगाने चालवणार नाही, तुम्हीही चालवू नका. पोर्शेने मंजूर केलेल्या टायरवर एन अक्षर आणि पुढे आकडा असतो. पुढे-मागे वेगवेगळी मापं असतात, पण एका धुरीवर दोन कंपन्यांचे टायर असतील तर मालकाने गाडी कशी ठेवली ते तिथेच समजतं.

ब्रेकच्या डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, मापून बघा. कडेला उंच ओठ आला असेल तर डिस्क संपत आली. डिस्कला भोकं असतील आणि त्या भोकांमधून केसासारख्या भेगा जोडल्या गेल्या असतील तर डिस्क बाद. कॅलिपर साध्या मॉडेलला काळे, एसला लाल, आणि पिवळे म्हणजे सिरॅमिक डिस्क. लाल रंग नंतर मारलेला असेल तर स्टिकरखालच्या कडा आणि बोल्टवरचा रंग बघून कळतो. सिरॅमिक डिस्क असेल तर तिच्या कडा उडालेल्या नाहीत ना ते भिंगातून बघावं इतकी ती महाग आहे.

987 चा हँडब्रेक मागच्या डिस्कच्या पोटातल्या लहान शूजवर चालतो. उभ्या राहिलेल्या गाडीत ते गंजतात, एक बाजू धरते आणि दुसरी धरत नाही. चढावर दोन्ही दिशांनी उभी करून बघा. 981 ला इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक आहे, तिथे बटणाने आवाज दोन्ही बाजूंनी सारखा यायला हवा.

खालचे प्लॅस्टिकचे पत्रे जागेवर आहेत का बघा. आपल्या स्पीडब्रेकरवर ते घासून फाटतात आणि कुणीतरी काढून टाकतं, मग धूळ आणि दगड थेट इंजिनला. दाराखालचा काठ चेपलेला असेल तर चुकीच्या जागी जॅक लावलेला आहे.

पाणी, उंदीर, रंग

बॉक्स्टरचं छप्पर उघडून मागच्या कोपऱ्यांतली पाणी जाण्याची भोकं बघा. पानांनी बुजली की पावसाचं पाणी आत येतं आणि सीटखालच्या कंट्रोल युनिटवर बसतं; मग लॉक, अलार्म, काचा सगळं वेडंवाकडं वागू लागतं. आपल्याकडे मोठा पाऊस सप्टेंबरात येतो, तेव्हा आधी ऑगस्टमध्ये ही भोकं मऊ नळीने मोकळी करायची. आता सीटखाली हात घालून गालिचा दाबा. ओला नको, कडकही नको. सुकलेला चिखल गालिचा कडक करतो. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातकट रेघ असेल तर गाडी पुरात बसलेली आहे. 2015 च्या चेन्नईच्या आणि 2020 च्या हैदराबादच्या पुरानंतर अशा गाड्या राज्याराज्यांत फिरल्या, त्यामुळे दक्षिणेकडचा नंबर असेल तर ही तपासणी चुकवू नका.

उंदरांसाठी बॅटरीजवळ, पुढच्या डिकीच्या कोपऱ्यात आणि इंजिनवरच्या आवरणाखाली लेंड्या आणि कुरतडलेला कापूस शोधा. एक वायर जोडलेली असेल तर चालेल. काळ्या टेपचे चार-पाच गोळे दिसले तर दुसरी गाडी बघा.

रंगाची जाडी मोजणारं मीटर भाड्याने मिळतं. कारखान्यातला रंग साधारण 80 ते 150 मायक्रॉनचा असतो; त्याच्या दुप्पट आकडा आला तर पत्रा परत रंगवलाय. काही पत्रे ॲल्युमिनियमचे आहेत, त्यामुळे लोहचुंबकाची जुनी युक्ती इथे उपयोगाची नाही. दार उघडताना काच बोटाभर आपोआप खाली यायला हवी, मागचा स्पॉयलर बटणाने वर-खाली व्हायला हवा.

स्कॅनर

शे-पाचशेचा ब्लूटूथ स्कॅनर फक्त इंजिनचे कोड वाचतो. गिअरबॉक्स, एअरबॅग, छप्पर यांचे कोड वाचायला पोर्शे ओळखणारा स्कॅनर हवा. तरी साध्या स्कॅनरचा एक उपयोग आहे: त्यात मॉनिटर, म्हणजे गाडी स्वतःच्या करते त्या चाचण्या, पूर्ण झालेत की नाही हे दिसतं. कोड एकही नाही आणि सगळे मॉनिटर अपूर्ण, म्हणजे बहुधा तुम्ही येण्याआधी कुणीतरी कोड पुसले आहेत. बॅटरी कमजोर असेल तर मात्र खोटे कोड ढिगाने येतात, म्हणून आधी बॅटरी चार्ज करायला लावा.

आरटीओचं पासिंग आणि पीयूसी

पासिंगला ही गाडी इंजिनसाठी अडत नाही, किरकोळ गोष्टींसाठी अडते. हेडलाइटची काच उन्हाने पिवळी पडून उजेड कमी झालेला, त्यावर कुणीतरी बाहेरचे पांढरेभक्क बल्ब बसवलेले. काचांवर काळी फिल्म. आधीच्या मालकाने लावलेलं निळं किंवा मॅट रॅप आणि आरसीवर रंग पांढरा. हाय सिक्युरिटी नंबर प्लेटऐवजी फॅन्सी प्लेट. उन्हाने वितळून काचेला चिकटलेले वायपर. हे सगळं घरच्या घरी एका रविवारी नीट करता येतं, आणि करूनच गाडी न्या. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या आधी 60 दिवसांत फॉर्म 25 वर करता येतो. शेवटच्या आठवड्याची वाट बघू नका, कारण एखादा भाग मागवावा लागला तर तो यायला वेळ लागतो.

पीयूसीत नापास होण्याचं मुख्य कारण सायलेन्सर. आवाज मोठा करायला धुरातलं प्रदूषण कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून सरळ पाइप टाकलेला असतो. बीएस-4 (भारत स्टेज 4 या प्रदूषण नियमाच्या) पेट्रोल गाडीला आयडलवर कार्बन मोनॉक्साइड 0.3 टक्के आणि हायड्रोकार्बन 200 पीपीएमच्या आत लागतो, कन्व्हर्टर नसेल तर ते जमतच नाही. बीएस-4 इंधन 2010 साली देशातल्या पहिल्या 13 शहरांत आलं, त्यात सोलापूर होतं. त्याआधीच्या बीएस-3 गाडीला पीयूसी दर सहा महिन्यांनी, बीएस-4 ला वर्षातून एकदा. "पीयूसी मी मॅनेज करून देतो" म्हणणाऱ्याला नम्रपणे नको म्हणा आणि मूळ कन्व्हर्टर कुठे आहे ते विचारा. तो परत मिळत नसेल तर त्याची किंमत भावातून कमी करा. तपासणीला नेताना गाडी वीसेक मिनिटं चालवून पूर्ण गरम करून न्यायची, थंड कन्व्हर्टर काम करत नाही.

पेट्रोलचंही इथेच सांगतो. आपल्याच जिल्ह्यातल्या कारखान्यांत तयार होणारं इथेनॉल आता पंपावर 20 टक्के मिसळून येतं; ही इंजिनं बनली तेव्हा 10 टक्क्यांपर्यंतचा हिशेब होता. इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं. म्हणून टाकी अर्धी ठेवून गाडी महिनाभर उभी करू नका. पेट्रोल जास्त ऑक्टेनचं भरा. आठवड्यातून एकदा तासभर, ऑइल पूर्ण तापेपर्यंत चालवा. तुळजापूरला जाऊन आलात तरी पुरे.

भाव आणि गाडी घरी आणणं

तपासणीत सापडलेल्या प्रत्येक दोषाचा लेखी अंदाज घ्या आणि तो समोर ठेवून भाव करा. मोघम "थोडं कमी करा" म्हटलं की पाच-दहा हजार कमी होतात, टायर आणि कंडेन्सरचं कोटेशन दाखवलं की लाखाची भाषा सुरू होते. गाडीच्या किमतीच्या किमान 15 टक्के रक्कम पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवा. ती नसेल तर अजून वर्षभर थांबा, गाड्या पळून जात नाहीत.

ताबा घेतल्यावर इंजिन ऑइल, ब्रेक ऑइल आणि कूलंट तिथल्याच गॅरेजमध्ये बदलून घ्या आणि मग निघा. पुणे-सोलापूर साधारण 250 किलोमीटर. पहाटे निघालात तर ऊन तापायच्या आत घरी. भिगवणला थांबा, मागची डिकी उघडून कूलंटची पातळी आणि गाडीखालची जमीन बघा. कूलंट कमी झालं असेल तर पुढे रेटू नका, सपाट ट्रक बोलवा.

या गाड्यांना बहुधा स्टेपनी नसते, पंक्चरचं सीलंट आणि छोटा कंप्रेसर असतो. सीलंटच्या बाटलीवर मुदत लिहिलेली असते, ती वाचा. चाकाच्या एका बोल्टला वेगळं लॉक असतं, त्याचा सॉकेट हरवला तर रस्त्यावरचा कुठलाही पंक्चरवाला चाक काढू शकत नाही. आणि ट्रकवर चढवायला बंपरमध्ये आटे देऊन बसवायचा हुक लागतो. सॉकेट आणि हुक दोन्ही टूलकिटमध्ये आहेत का, ते उरलेले पैसे ट्रान्सफर करण्याआधी टूलकिट उघडून बघा.